अरे, हा तर तोच!

कुठल्याही हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. सिनेमा रंगात आलेला असतो, पडद्यावर एखादा थंड डोळ्यांचा गुंड किंवा वाकलेला म्हातारा उभा असतो आणि मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणतं, "ह्याला कुठंतरी पाहिलंय यार!" झालं! सिनेमा राहतो बाजूला आणि सगळी खोली त्या एका माणसाच्या मागे लागते. "अरे तो रे, त्या सिरियलमधला..." "कुठल्या?" "ती नाही का, आजोबांची..." आणि मग कोणालातरी एकदम सापडतं. "अरे, हा तर तोच!"

हल्ली हा खेळ लवकर संपतो, कारण खिशातला मोबाईल दहा सेकंदांत नाव सांगून टाकतो. पण त्या दहा सेकंदांच्या आत आपल्या डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं, याचा कधी विचार केलाय? रोज रात्री जेवताना पाहिलेला माणूस समोर असूनही ओळखू का येत नाही? आणि ओळखू आला की एवढा आनंद का होतो? मी इथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, हॉस्टेलवरच राहतो आणि सिनेमाचा जुना रोगी आहे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर थोडं विज्ञानातून, थोडं पडद्यावरून आणि थोडं आपल्या शहापूर-मुरबाडच्या मातीतून शोधायचा हा प्रयत्न.

आधी ओळख, मग काम, शेवटी नाव

वरचा संवाद पुन्हा एकदा वाचा. त्यात एक क्रम आहे. आधी 'पाहिलंय' हे कळतं. मग 'कुठं पाहिलंय' ते आठवतं. नाव येतं ते सगळ्यात शेवटी, पुष्कळदा येतच नाही. हा क्रम सगळ्यांच्या बाबतीत जवळजवळ असाच असतो. व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली चेहरा ओळखण्याचं एक मॉडेल मांडलं. त्याचा सारांश आपल्या भाषेत सांगायचा तर ब्लॉक डायग्रामसारखा आहे. पहिल्या खोक्यात चेहरा ओळखीचा आहे की नाही ते ठरतं. दुसऱ्या खोक्यात त्या माणसाची माहिती उघडते: काय करतो, कुठे भेटतो, आपला कोण लागतो. आणि तिसऱ्या खोक्यात नाव. पहिलं खोकं चाललं आणि दुसरं अडकलं, की आपण डोकं खाजवत बसतो.

म्हणूनच एखाद्या नटाचं नाव विचारलं तर चटकन सांगता येत नाही, पण "तो टिपऱ्यांचा आबा" हे पटकन सुचतं. नाव म्हणजे नुसती चिठ्ठी, तिला दुसरा अर्थ नाही. भूमिका मात्र घरभर पसरलेली असते. तिला आवाज असतो, सवयी असतात, तिच्याबरोबर आपलं जेवण झालेलं असतं!

चेहरा म्हणजे नुसतं नाक-डोळे नव्हे

तुम्ही म्हणाल, सर, यात काय मोठंसं? नाक, डोळे, ओठ पाहिले की माणूस कळतो. पण गंमत तिथेच आहे. आपला मेंदू चेहऱ्याचे सुटे भाग मोजत बसत नाही, तो सगळा चेहरा एकदम वाचतो. यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन यांनी १९८० साली ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा फोटो घेतला आणि त्यातले फक्त डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले. हा बिघडवलेला फोटो उलटा धरला तर कोणाला फारसं काही खटकत नाही. सुलटा केला की अक्षरशः दचकायला होतं! उलट्या चेहऱ्यात मेंदूला भागांमधलं नातं वाचता येत नाही, म्हणून तो फसतो. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या खालच्या बाजूला एक असा भाग दाखवून दिला, जो चेहरे पाहताना इतर वस्तूंपेक्षा जास्त चेतवतो. म्हणजे या कामासाठी मेंदूत जवळजवळ वेगळं डिपार्टमेंटच आहे म्हणा ना.

यंत्राला हेच काम शिकवताना काय झालं, ते इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मॅथ्यू टर्क आणि अ‍ॅलेक्स पेंटलंड यांनी 'आयगनफेस' नावाची पद्धत मांडली. एम-थ्रीच्या पेपरात आयगन व्हॅल्यू काढताना "ह्याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं! पुष्कळ चेहऱ्यांचा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स घ्यायचा, त्याचे आयगन व्हेक्टर काढायचे आणि प्रत्येक चेहरा म्हणजे या थोड्याशा मूळ चेहऱ्यांची बेरीज असं धरायचं. पद्धत देखणी होती, पण उजेड बदलला, मान वळली किंवा अंतर बदललं की गणित बिघडायचं. आज आपले मोबाईल याच्या फार पुढे गेलेत. पण आपल्या आईला आपण अंधारात, पाठमोरे, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन पावसात उभे असलो तरी ओळखू येतो, ही गोष्ट वेगळीच!

याचं कारण असं की नवख्या चेहऱ्यात आपण केस आणि बाहेरची ठेवण जास्त पाहतो. रोजच्या चेहऱ्यात मात्र डोळे, नाक, तोंड हा आतला भाग पक्का बसलेला असतो. त्यामुळे रोज टीव्हीवर दिसणाऱ्या नटाने नुसता विग बदलला, मिशी लावली, तर तो लपत नाही. आपण लगेच म्हणतो, "मिशी लावून आला बघ!" लपायचं असेल, खरं म्हणजे दुसरा माणूस व्हायचं असेल, तर त्याला त्याहून बरंच जास्त करावं लागतं. ते काय, याकडे येऊच. त्याआधी आपल्या एका मामांची गोष्ट.

मामा आणि म्हशाचा बाजार

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची यात्रा तुम्हाला माहीत असेलच. पौष पौर्णिमेपासून भरते, गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. मध्यंतरी एका वर्षी आपल्या विंगमधली चार पोरं हौसेने तिकडे गेली होती. बैलांच्या रांगेत एक माणूस उभा. डोक्याला फेटा, स्वच्छ पांढरा सदरा, बैलाच्या दातांकडे बघत बोलणं चाललेलं. पुढे त्याने हातावर रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा सुरू केला. आजूबाजूची माणसं त्याला अदबीने 'बुवा' म्हणत होती. पोरं थांबली. "ह्यांना कुठंतरी पाहिलंय..." गावातले कोणी पुढारी? शेजारच्या कॉलेजचे कोणी सर? पाच मिनिटं गेली. शेवटी बुवांनीच वळून पाहिलं आणि म्हणाले, "काय रे पोरांनो, आज मेसला सुट्टी टाकली काय?"

मेसमधले मामा! दोन वर्षं रोज दोन वेळा ज्यांच्या हातची आमटी ताटात पडते, ते मामा.

या प्रकाराचं मानसशास्त्राच्या पुस्तकात एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जॉर्ज मँडलर यांनी १९८० साली ते दिलं. बसमध्ये एक माणूस दिसतो, ओळखीचा तर नक्की वाटतो, पण कोण ते कळत नाही. बऱ्याच वेळाने लक्षात येतं की हा तर आपल्या रोजच्या दुकानातला खाटीक! दुकानात, ओट्यामागे, कामाच्या कपड्यांत तो असता तर क्षणही लागला नसता. म्हणजे आपण माणूस एकटा साठवत नाही. त्याच्याबरोबर जागा, कपडे, वेळ, हातातला डाव, सगळं एका गाठोड्यात बांधून ठेवतो. त्यातल्या दोन-तीन वस्तू काढून घेतल्या की गाठोडं ओळखू येत नाही.

टीव्हीवरच्या नटाचं गाठोडं तर फारच घट्ट असतं. तीच खोली, तोच सोफा, तीच शीर्षकाची धून, तीच रात्रीची वेळ. वर्षानुवर्षं. नाटकातला नट दोन-तीन तास भेटतो, सिनेमातला तेवढाच. मालिकेतला नट रोज किंवा दर आठवड्याला घरी येतो, आणि आपण तो नट आहे हे विसरूनच जातो. १९८७ मध्ये 'रामायण' लागलं तेव्हा अरुण गोविल यांना लोक खरोखर नमस्कार करत. मग असा माणूस एकदम दुसऱ्या गाठोड्यातून बाहेर आला की मेंदूची त्रेधा उडणारच.

बोहाड्यातले पाय

आता चेहरा पूर्ण झाकला तर? आपल्याकडे याचं उत्तर शाळेत जायच्या आधीच मिळतं. ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरी पट्ट्यात बोहाडा होतो. होळी झाली की पुढे उन्हाळ्यात रात्र-रात्र सोंगं नाचतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, वेताळ. तोंडावर मोठा रंगीत मुखवटा, समोर टेंभ्यांचा उजेड, संबळ घुमतोय. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे चालत आलेला. मी मुरबाड तालुक्यातला, त्यामुळे लहानपणी हे पुष्कळ पाहिलं. मुखवट्यामागे चेहऱ्याचा एक तसूभर भाग दिसत नाही. तरी पुढे बसलेली एखादी आजी हमखास म्हणायची, "आमच्या वरच्या आळीचा थोरला हाय ह्यो. पाय बघ ना त्याचं, बापासारखं टाकतो." आणि असं म्हणून झाल्यावर तीच आजी त्या सोंगाला हात जोडायची!

आजीचं म्हणणं प्रयोगशाळेतही टिकलं आहे. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये माणसांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावले आणि अंधारात त्यांचं चित्रण केलं. पडद्यावर नुसते दहा-बारा ठिपके. ठिपके स्थिर असले की काही कळत नाही. हलायला लागले की लगेच दिसतं, माणूस चालतोय! पुढे १९७७ मध्ये जेम्स कटिंग आणि लिन कोझ्लोव्स्की यांनी एकमेकांना ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला. ठिपक्यांवरून मित्र ओळखायचा. उत्तरं दरवेळी बरोबर आली नाहीत, पण नुसत्या अंदाजाने आली असती त्यापेक्षा बरीच जास्त बरोबर आली. आपल्या हॉस्टेलमध्ये लाईट गेल्यावर कॉरिडॉरमध्ये चपलेच्या आवाजावरून कोण येतंय ते सांगणारे पुष्कळ आहेत, रेक्टर येतायत हे तर सगळेच सांगतात!

ज्यांना मेंदूच्या दुखापतीमुळे चेहरेच ओळखता येत नाहीत, असे काही लोक असतात. तेही घरच्यांना आवाजावरून, चालीवरून ओळखतात. म्हणजे चेहरा हा अनेक पुराव्यांपैकी एक. आवाज, चाल, मान वळवायची लकब, बोलता बोलता घेतलेला श्वास, हे बाकीचे साक्षीदार. मेकअपमन चेहऱ्याचं बघतो. बाकीच्या साक्षीदारांना फोडायचं काम मात्र नटाचं नटालाच करावं लागतं.

एक नट, किती माणसं?

मराठीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण कोणतं असं मला विचाराल तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, दिलीप प्रभावळकर.

१९७० च्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव-गुंड्याभाऊ' लागायचं. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची मालिका. त्यात प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या आधीची पिढी आजही त्यांना चिमणरावच म्हणते. भाबडा, घाबरट, पण स्वतःला शहाणा समजणारा कारकून. त्याच माणसाने १९९१ मध्ये संजय सूरकरांच्या 'चौकट राजा'त नंदू उभा केला. वयाने मोठा झालेला, बुद्धीने लहान राहिलेला मुलगा. त्यात चिमणरावाचा मागमूस नाही. खांदे, मान, बोटं, शब्द फुटायला लागणारा वेळ, सगळं वेगळं. कपाळ आणि नाक तेच, पण त्यांच्यामागे राहणारा माणूस बदललेला.

दोन वर्षांनी, १९९३ मध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. त्यातला तात्या विंचू हा गुंड प्रभावळकरांचा. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरल्यावर पडद्यावर उरतो तो रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि प्रभावळकरांचा आवाज. लहानपणी त्या आवाजाने आम्ही पांघरुणात तोंड लपवलंय! शरीर पूर्ण काढून घेतलं तरी नुसत्या आवाजावर एक पात्र उभं राहतं, हे त्याने दाखवलं.

माझ्या पिढीला मात्र ते भेटले आबा म्हणून. २००१ मध्ये आधीच्या अल्फा आणि नंतरच्या झी मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं. त्यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावरून केलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली मालिका. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका. तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते आणि नातवंडं कॉलेजात असलेल्या आजोबांचं काम करत होते. मुरबाडमध्ये ज्या घरी केबल होती त्या घरी आम्ही जमायचो. शेजारून नुसता आबांचा आवाज आला तरी सुरू झालं हे कळायचं.

आणि याच काळात, २००२ मध्ये, अजय फणसेकरांचा 'एन्काउंटर - द किलिंग' आला. नसीरुद्दीन शाह पोलीस अधिकारी आणि समोर अंडरवर्ल्डमधला पुनप्पा. हा पुनप्पा म्हणजे आपले आबा! एका बाजूला घरोघरी नातवंडांशी गोड बोलणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला अंगावर काटा आणणारा हा डॉन. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाकडून. ज्यांनी आधी मालिका पाहिली होती त्यांना सिनेमात ओळख पटायला वेळ लागला, आणि पटल्यावर विश्वास बसायला आणखी वेळ लागला.

मग २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. इथे तर पेच दुहेरी होता. प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढून आबा पुसायचे, आणि नोटेवरून, पुतळ्यांवरून, शाळेतल्या भिंतीवरून सगळ्यांना पाठ असलेला चेहरा तिथे आणायचा. नक्कल थोडी जास्त झाली असती तर लोक हसले असते. पण ते गांधीजी हळू, मायेने बोलले आणि साऱ्या देशाने ते मान्य केले. त्या वर्षीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना 'लगे रहो' आणि 'शेवरी' या दोन चित्रपटांसाठी मिळाला. आणि गांधीजींनंतर दोनच वर्षांनी 'सरकार राज'मधले आतल्या गाठीचे रावसाहेब!

'हसवाफसवी' या त्यांनीच लिहिलेल्या नाटकात तर एकाच प्रयोगात सहा भूमिका होत्या, त्यात एक बाई आणि एक वृद्ध गायक नट, कृष्णराव हेरंबकर. रंगमंचावर कॅमेऱ्याची मदत नाही, रिटेक नाही. आत जायचं आणि दुसरा माणूस होऊन बाहेर यायचं. आणि वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'दशावतार'मध्ये त्यांनी कोकणातल्या वृद्ध दशावतारी कलावंताचं काम केलं. रूपं बदलण्यात आयुष्य घालवलेल्या नटाने रूपं बदलणाऱ्याचीच भूमिका करावी, याहून योग्य काय?

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसते. ते प्रत्येक वेळी पूर्ण लपत नाहीत. थोडे दिसतात. आणि खरा आनंद त्या 'थोडे दिसण्यात' आहे. नट अजिबातच ओळखू आला नाही तर आपल्याला काही वाटणारच नाही, आपण दुसराच कोणी समजून सोडून देऊ. अगदी सहज ओळखू आला तर "हा काय नेहमीचाच" म्हणून सोडून देऊ. मजा येते ती दोन्ही माणसं एकाच वेळी दिसतात तेव्हा. मुखवट्यामागचा वरच्या आळीचा थोरला आणि समोरचा नरसिंह, दोघेही आजीला दिसत होते. तिला त्यात काही अडचण वाटत नव्हती.

शिक्का

पण ही मजा नटाला किती महाग पडते, तेही पाहिलं पाहिजे. गाठोडं जितकं घट्ट, तितकं त्यातून सुटणं कठीण. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी आपल्याला पोट धरून हसवलं. १९९२ मध्ये त्यांनी जब्बार पटेल यांच्या 'एक होता विदूषक'मध्ये गंभीर भूमिका केली. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. आज तो चित्रपट पाहणारा थक्क होतो. पण तेव्हा तो त्यांच्या नेहमीच्या चित्रपटांसारखा चालला नाही. लोकांना त्यांचा हसरा लक्ष्याच हवा होता. त्यांनी अंगातलं दुसरं काहीतरी काढून दाखवलं, आणि घेणारे हात पुरेसे पुढे आले नाहीत. यात नटाचं काय चुकलं?

अमेरिकेतही हेच. ब्रायन क्रॅन्स्टन हा नट २००० ते २००६ 'माल्कम इन द मिडल' या विनोदी मालिकेत वेंधळ्या बापाचं काम करत होता. 'ब्रेकिंग बॅड'साठी दिग्दर्शक-लेखक व्हिन्स गिलिगनने त्याचं नाव सुचवलं तेव्हा चॅनेलवाले तयार होईनात. हा विनोदी बाप आणि अमली पदार्थ बनवणारा केमिस्ट्रीचा मास्तर? शेवटी गिलिगनने १९९८ सालचा 'एक्स-फाइल्स'चा एक भाग काढून दाखवला, त्यात क्रॅन्स्टनने गंभीर काम केलं होतं. तेव्हा कुठे होकार आला. २००८ मध्ये मालिका सुरू झाली आणि पुढे त्या भूमिकेसाठी त्याला चार एमी पुरस्कार मिळाले. विचार करा, तो जुना भाग गिलिगनच्या लक्षात नसता तर?

आपल्याकडे पंकज कपूर यांचंही तसंच. १९८५ मध्ये दूरदर्शनवर गाजर खाणारा गुप्तहेर 'करमचंद', २००१ पासून 'ऑफिस ऑफिस'मध्ये सरकारी टेबलांवर हेलपाटे घालणारा गरीब मुसद्दीलाल, आणि २००३ च्या 'मकबूल'मध्ये ज्याच्या नुसत्या खाकरण्याने खोली गप्प होते असा डॉन अब्बाजी. मुसद्दीलाल आणि अब्बाजी एकाच सुमाराचे. कोणीतरी या माणसावर विश्वास ठेवला, म्हणून आपल्याला अब्बाजी मिळाला.

म्हणजे नटाकडे कसब असून भागत नाही. त्याला दुसरी भूमिका देणारा लागतो, आणि ती पाहायला तयार असलेला प्रेक्षक लागतो.

करून पाहा

आता थोडं प्रॅक्टिकल. टीव्ही रूममध्ये किंवा लॅपटॉपवर हे तीन प्रयोग करून पाहा, जर्नल लिहायची गरज नाही!

पहिला: एकाच नटाच्या दोन अगदी वेगळ्या भूमिका निवडा आणि दोन्ही आवाज बंद करून पाहा. चेहऱ्याकडे बघू नका, पावलांकडे आणि खांद्यांकडे बघा. वजन कुठल्या पायावर आहे, हात कुठे थांबतात, ते टिपा.

दुसरा: डोळे मिटून ऐका. आबा आणि तात्या विंचू हे एकाच गळ्यातून आलेत, हे कळण्यासारखं काय उरलंय ते शोधा. एखादा शब्द, श्वास, वाक्याचा शेवट.

तिसरा: मोबाईल खिशात ठेवा. "कुठंतरी पाहिलंय" पासून "हा तर तोच" पर्यंत स्वतःच्या डोक्याने जा. आधी काय आठवतं? सोफा? धून? आवाज? तुमचं गाठोडं कशाकशाने बांधलंय ते तुम्हाला कळेल.

आणि हा खेळ पडद्यापुरता ठेवायचं कारण नाही. मी हॉस्टेलवर राहतो म्हणून मला रोज दिसतं. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये पोरं येतात आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांची कास्टिंग होऊन जाते! हा टॉपर, हा केटीवाला, हा गावठी, हा मुका, हा जोकर. किन्हवलीहून, डोळखांबहून, टोकावड्याहून आलेला मुलगा वर्गात इंग्रजीत गप्प बसला की त्याला जी भूमिका मिळते ती चार वर्षं सुटत नाही. तो व्हायवाला चांगलं बोलला तरी वर्ग हसतो, कारण 'मुका' बोलला! नटाला निदान मेकअप मिळतो, दिग्दर्शक मिळतो, दुसरा सिनेमा मिळतो. या मुलाला दुसरा सिनेमा कोण देणार? एक मुलगा तिसऱ्या वर्षात माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "सर, मला दुसऱ्या कॉलेजला जायचंय. तिथं मी कसा आहे ते कोणालाच माहीत नसेल." तो पुढे राहिला, शिकला, चांगला आहे. पण त्याचं ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

म्हशाच्या बाजारातून परत आल्यावर त्या चार पोरांनी मामांना 'बुवा' का म्हणतात ते विचारलं. मामा त्यांच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि गातात. आणि पूर्वी बोहाड्यात सोंगही घ्यायचे. दोन वर्षं हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण डाव हातात असलेल्या माणसाला कोणी "तुम्हाला गाता येतं का?" असं विचारत नाही. मामांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही पण कुठं गाता ते आम्हाला सांगितलंत?"

म्हणून गॅदरिंग कमिटीला माझी एक सूचना आहे. यंदा एकांकिकेची आणि गाण्याची नोटीस फक्त डिपार्टमेंटच्या बोर्डावर लावू नका. एक प्रत मेसमध्ये लावा, एक वॉचमनच्या केबिनवर आणि एक वर्कशॉपच्या दारावर. नावं घेताना हुद्दा विचारू नका. आणि एकांकिकेत जोकरला जोकरचंच काम देऊ नका, मुक्याला एकदा सूत्रधार करून बघा. तालमीला जागा हवी असेल तर रात्री जेवणानंतर मेसचा हॉल मोकळा असतो. मामांशी माझं बोलणं झालंय, त्यांनी पेटी आणायचं कबूल केलंय.